रेवाछायातली कोरी कार्डं

१

सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी मी कपाटाचा पहिला खण उघडला आणि आतली कार्डं कोरी निघाली. दुसरा उघडला, तिसरा उघडला. बाराही खण काठोकाठ भरलेले, पण बहुतेक कार्डांवर एक अक्षर नाही.

माझ्या शेजारी प्रणोती मॅडम उभ्या होत्या. लिस्बनच्या ऑस्टेरिन हॉटेल कंपनीच्या मध्य भारताच्या प्रमुख, मूळच्या पुण्याच्या. आठ दिवसांपासून आमच्याकडेच सोळा नंबरच्या खोलीत उतरल्या होत्या. त्यांनी घड्याळाकडे बघितलं. मला त्यांचं ते बघणं कुणी थोबाडीत मारल्यासारखं लागलं.

आमचं हॉटेल रेवाछाया जबलपूरच्या सिविल लाइंसमध्ये, अडतीस खोल्यांचं. काउंटरमागे सागवानी कपाट आणि त्यात एक हजार एकशे चौऱ्याऐंशी कार्डं. एकदा येऊन पुन्हा आलेल्या प्रत्येक पाहुण्याचं एक. सव्वीस वर्षं काउंटर सांभाळत मी ती लिहीत आलो, मराठीत, माझ्या अक्षरात. 'कटनीचे चुनखडीवाले. उजव्या कानाने ऐकू येत नाही, डावीकडून बोलावे.' 'बालाघाटच्या डॉक्टरीणबाई. पंख्याचा आवाज चालत नाही, पण सांगायला संकोचतात. न सांगता बारा नंबर द्यावा.' लोक आमच्याकडे परत का येतात, याचं उत्तर त्या खणांमध्ये होतं. माझा रुबाबही त्यातच होता, तोही लपवत नाही.

मोजणी झाली. खरी कार्डं तीनशे बारा, इकडेतिकडे विखुरलेली. बाकीची आठशे बहात्तर कोरी. कुलूप शाबूत होतं.

"कपाटाला तुमच्याशिवाय कोण हात लावतं?" मालकांनी विचारलं. अंबरीशजी देशकर, आमचे मालक. घराणं अमरावतीकडचं, तीन पिढ्या जबलपुरात.

"कोणी नाही," मी म्हणालो.

त्यांनी हात पुढे केला. "शशिकांतजी, किल्ली द्या."

२

खरं म्हणजे ऑस्टेरिनशी आमचा करार महिनाअखेरीला व्हायचा होता. काल संध्याकाळी कळलं की कंपनीच्या संचालक इनेसबाई नऊ दिवस आधीच येताहेत, म्हणजे आज दुपारी चारला. त्यांना सगळ्यात आधी कार्डं बघायची होती. ती नसली तर भेडाघाट रस्त्यावरचं दुसरं हॉटेल तयारच होतं. आणि करार झाला नाही तर रेवाछाया पुढचा उन्हाळा बघणार नाही, हे आम्हा त्रेचाळीस नोकरांना न सांगता ठाऊक होतं.

ओमती ठाण्यात जायला मालक तयार नव्हते. पोलीस आले की बातमी इनेसबाईंच्या आधी लॉबीत पोचणार. मग मी भीत भीत म्हटलं, "आमच्या वहिनींना बोलावू का?"

ज्योतीवहिनी माझ्या थोरल्या भावाच्या पत्नी. रांझीला राहतात. संरक्षण कारखान्यात चौतीस वर्षं तपासनीस होत्या. लेथवरून उतरलेला प्रत्येक तुकडा मापातून घालायचा, बसला तर पुढे, नाही तर बाजूला. निवृत्त झाल्या तरी सवय गेली नाही. आमच्या घरी पोळीची गोलाईसुद्धा त्यांच्या नजरेतून सुटत नाही, त्यामुळे माझी बायको त्या येणार म्हटल्यावर पुऱ्याच तळते.

साडेदहाला त्या बसनं आल्या. कपाट बघितलं, कुलूप बघितलं, मग एक कोरं कार्ड उचलून दोन बोटांत वाकवलं.

"भाऊजी, ही कंपनी एवढी मोठी, तिला तुमची कार्डं काहून पाहिजेत?"

उत्तर प्रणोती मॅडमनी दिलं. मी ते आधी एकदा ऐकलं होतं, तरी पुन्हा तोंड उघडं टाकून ऐकलं. एक्केचाळीस देश, दोन हजारांवर हॉटेलं, आणि त्यातली स्वतःची इमारत फक्त अकरा ठिकाणी. बाकी सगळीकडे भिंती दुसऱ्याच्या, पाटी यांची. कंपनी विटा रचत नाही. चालतं हॉटेल शोधते, त्याला आपली शिस्त लावते, आपल्या बुकिंगच्या जाळ्यात ओढते. जगात कुठे ना कुठे दर तिसऱ्या दिवशी यांची नवी पाटी चढते. माणूस एका जागी बसून एवढं पसरू शकतो, याचं मला भयंकर नवल वाटतं. मी अडतीस खोल्यांत दमतो.

"मग अडचण काय आहे?" वहिनींनी विचारलं.

"सारखेपणा," मॅडम म्हणाल्या. "आम्ही तोच विकत आलो. कुठेही जा, तीच उशी, तोच साबण. आता पाहुण्यांना सकाळी उठल्यावर कळत नाही आपण कोणत्या शहरात आहोत. आमच्या कॉम्प्युटरला तुमच्याबद्दल एकच गोष्ट माहीत असते, उशी मऊ की कडक. शशिकांतजींनी जे लिहिलंय तसं एक्केचाळीस देशांत कुठे नाही. म्हणून इनेस स्वतः येतेय."

वहिनींनी कार्ड उजेडाकडे धरलं. "हे छापखान्यातलं नाही. कात्रीनं कापलंय, कडा सरळ नाही. आणि कोरं नाही हे."

कोपऱ्यात पेन्सिलीनं, डास बसावा एवढ्या आकारात, आकडा होता. ५४१.

३

आकडा माझाच होता. म्हणजे अक्षर माझं नव्हतं, पण मी प्रत्येक खऱ्या कार्डाला क्रमांक देतो आणि पाचशे एक्केचाळीस नंबरचं कार्ड त्याच जागी असायचं. आम्ही आठशे बहात्तर कार्डं चाळली. प्रत्येकावर त्या त्या जागेचा नंबर होता.

वहिनींनी जेवणाच्या हॉलमध्ये एकेकाला बोलावलं. पहिला आलोक, मालकांचा पुतण्या. गोव्याहून हॉटेलचं शिक्षण घेऊन आलेला, तीन नंबरात राहतो. गेले सहा महिने तो माझ्या कपाटाला 'म्युझियम' म्हणतो.

"काकू, सीधी बात है," तो म्हणाला. "मला ती कार्डं आवडत नाहीत. पण करार झाला तर मॅनेजर मीच होणार. मी काहून बिघडवीन?"

"विकायला नेली असतील कोणी?"

"तर मोठ्या लोकांची नेली असती ना. चुनखडीवाले तर जागेवरच आहेत. मी बघितलं."

वहिनींनी मान डोलावली. मग प्रणोती मॅडम. त्यांना वहिनींनी सरळच विचारलं, करार न करता कार्डं हाती लागली तर कंपनीचा फायदाच नाही का.

"आठ दिवस मी इथे आहे," मॅडम शांतपणे म्हणाल्या. "मागितली असती तर शशिकांतजींनी अभिमानानं सगळी दाखवली असती. फोननं फोटो काढायला मला एक दुपार पुरली असती. चोरायची गरज काय?"

हे ऐकून मला लाज वाटली, कारण ते अगदी खरं होतं.

"मग राहिलं कोण?" मालक दारातून म्हणाले.

आलोक माझ्याकडे न बघता बोलला. "काका, सॉरी. पण कंपनीच्या नव्या स्टाफच्या यादीत शशिकांतजींची जागाच नाही. रागात कार्डं गायब करायला कारण एकट्यांनाच आहे, आणि किल्लीपण."

यादीत माझी जागा नाही, हे मला त्या क्षणी कळलं. प्रणोती मॅडम टेबलावरच्या मिठाच्या डबीकडे बघत होत्या. मालकांनीही नाही म्हटलं नाही. सव्वीस वर्षं ज्या हॉलमध्ये मी लोकांना बसायला खुर्ची दिली, तिथे मला उभं राहवेना.

४

वहिनी मला मागच्या जिन्यावर घेऊन गेल्या. मी रडवेला झालो होतो. त्यांनी पाठीवरून हात वगैरे फिरवला नाही, तो त्यांचा स्वभाव नाही.

"भाऊजी, बसमध्ये रुमाल कोण टाकतं?"

"ज्याला बसायचं असतं तो."

"मग चोर रुमाल काहून टाकीन? विकणारा नेतो आणि जातो. बिघडवणारा जाळतो. हा माणूस एकेका कार्डाची जागा धरून बसलाय, वरून नंबर टाकून. त्याला परत ठेवायचीत. मी म्हणते, तो ठेवूनही राहिलाय. तीनशे बारा जागेवर आली, बाकीची येऊन राहिलीत. इनेसबाई नऊ दिवस आधी आल्या, म्हणून हिशेब फसला त्याचा."

नऊ वाजल्यापासून आम्ही सगळे तीनशे बारा कार्डांना चोराच्या हातून राहून गेलेली समजत होतो. ती परत आलेली असतील, हे कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

त्यांनी कोरं कार्ड उलटं केलं. एक बाजू चकचकीत, दुसरी राखाडी. "हा पुठ्ठा ओळखता?"

ओळखला. इस्त्रीच्या शर्टात घडी मोडू नये म्हणून घालतात तो.

"हा तर आलोकच्या खोलीतही असेल, मॅडमच्याही," मी म्हणालो.

"एका पुठ्ठ्यातून चार कार्डं. आठशे बहात्तर कार्डांना दोनशे अठरा पुठ्ठे लागतात. आलोककडे एवढे शर्ट आहेत काय?" त्यांनी पायरीवर बसून घेतलं. "आता सांगा, वर्षातून हे कपाट सगळं रिकामं कधी होतं?"

"दसऱ्यानंतर. पावसाळ्यात कागदाला दमट वास येतो, म्हणून कार्डांना गच्चीवर ऊन दाखवतो. बावीस दिवस झाले."

"कोण दाखवतं?"

"हाउसकीपिंगवाले."

"आणि उद्या येणाऱ्या पाहुण्यांची कार्डं रोज संध्याकाळी कोण काढतं?"

नियमानं मी काढायची. पंधरा वर्षांपूर्वीपर्यंत काढतही होतो. पुढे फोन वाढले. आता मी कुलूप उघडतो आणि फोन घेतो. कार्डं हाउसकीपिंगच्या राधाबाई काढतात, वर नेऊन खोल्या लावतात आणि दुसऱ्या दिवशी त्याच आणून जागेवर ठेवतात. सकाळी 'कोणी नाही' म्हणालो ते खोटं बोलायचं म्हणून नाही. आपल्याच घरच्या माणसाचा हात मोजायचा असतो हे मला सुचलं नव्हतं.

वहिनी उठल्या. "चला. चादरींची खोली कुठे आहे?"

५

राधाबाई, आमच्या हाउसकीपिंगच्या प्रमुख, एकसष्ट वर्षांच्या. चादरींच्या खोलीत रॅकला पाठ लावून, हातात फोन घेऊन उभ्या होत्या. चादरी आवाज गिळतात, म्हणून त्या खोलीतलं बोलणं बाहेर येत नाही. आम्ही आत गेलो तेव्हा त्या म्हणत होत्या, "रेवाछाया से राधाबाई बोल रही हूँ, आपके कमरेवाली. एक बात पूछनी थी."

आम्हाला बघून त्यांनी हातानंच थांबा म्हटलं, बोलणं पूर्ण केलं आणि समोरच्या कार्डाच्या कोपऱ्यावर बारीक टिंब दिलं. मग उशीच्या दोन अभ्र्यांकडे बोट दाखवलं.

"हे उत्तर न आलेले. हे 'नाही'वाले, शहाण्णव. 'हो' म्हणाले ते मी खाली ठेवत गेले."

मागून मालक, मॅडम आणि आलोक आले होते.

"राधाबाई, काय विचारून राहिल्या होत्या तुम्ही?" वहिनींनी आवाज खाली घेतला.

"मागच्या महिन्यात मॅडमनं लांबूनच, व्हिडिओ कॉलवर, आम्हा सगळ्यांना हॉलमध्ये दाखवलं ना, कार्डं लिस्बनच्या कॉम्प्युटरात जातील, कोणत्याही देशातला काउंटरवाला उघडून बघू शकीन. मले झोपच नाही लागली. कोणी पाहुणा घाबरतो, कोणी रडतो, कोणाचं अंथरूण ओलं होतं. मी पाहते, भैयाले सांगते, भैया चांगल्या शब्दांत लिहितात. पण पाहुण्यानं ते मले दाखवलं होतं, लिस्बनले नाही. मी म्हटलं, विचारून घ्यावं."

"मला काहून नाही सांगितलं?" मी म्हणालो. "सकाळपासून चोर ठरलोय मी."

त्यांचा चेहरा पडला. "ते मले आत्ता कळून राहिलं, भैया. सकाळपासून मी वरच आहे. माफ करा." मग जरा थांबून म्हणाल्या, "तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाले असते, साहेबांना विचारू. साहेब म्हणाले असते, वकिलाला विचारू. ज्याचं आहे त्यालेच विचारावं म्हटलं."

बावीस दिवस. रोज दुपारी दोन ते चार, खोल्या आवरल्यावर, स्वतःच्या फोनवरून. चारशे आठ माणसांशी बोलणं झालं होतं.

वहिनींना पारखून बघितल्याशिवाय चैन पडत नाही. त्यांनी अभ्र्यातून एक कार्ड ओढलं, मजकूर झाकला आणि फक्त नंबर वाचला. "पाचशे एक्केचाळीस."

"बैतूलच्या वकीलबाई," राधाबाई म्हणाल्या. "लिफ्टमध्ये गुदमरतात. पहिला मजला द्यायचा आणि लिफ्ट बंद आहे सांगायचं, म्हणजे त्यांना कारण द्यावं लागत नाही."

"एक हजार सहा."

"छिंदवाड्याचे दोघं भाऊ. एकमेकांशी बोलत नाहीत पण वर्षातून एकदा सोबत येतात. शेजारच्या खोल्या द्यायच्या. मधलं दार उघडं ठेवायचं, सांगायचं नाही."

वहिनींनी पाच कार्डं काढली. पाचही बरोबर. आठशे कार्डं तशीच बरोबर निघाली असती याबद्दल त्या खोलीत कोणालाच शंका उरली नाही. वहिनींनी चष्मा काढला. "चौतीस वर्षं मी तुकडे मापात बसवले," त्या म्हणाल्या. "लाखो. सगळे सारखे असले की आम्ही खूश. या बाईनं हजार माणसं ध्यानात ठेवलीत आणि एक दुसऱ्यासारखा नाही."

मीही थक्क झालो होतो, आणि जरा ओशाळलोही. इतकी वर्षं मी समजत होतो की कार्डं माझी आहेत. मी फक्त लिहिणारा होतो.

प्रणोती मॅडमनी घसा साफ केला. "करारात पूर्ण संग्रह असं लिहिलंय. एक हजार एकशे चौऱ्याऐंशी. दोन्ही अभ्रे खाली आणले तर चारच्या आत सगळं जागेवर लागेल." मग हळू आवाजात, "मला हे बोलावं लागतंय."

राधाबाईंनी अभ्रे उचलून मालकांसमोर ठेवले. "साहेब, हॉटेल तुमचं आहे. म्हणाल तर नेते."

साडेतीन वाजले होते.

६

मालकांनी एक अभ्रा उचलून पाहिला. मग मला म्हणाले, "शशिकांतजी, लिहिलंय तुम्ही. तुम्ही सांगा."

त्रेचाळीस घरं माझ्या डोळ्यांपुढून गेली, त्यात माझंही. द्या म्हणणं फार सोपं होतं. पण सव्वीस वर्षांत मी एकाही पाहुण्याला विचारलं नव्हतं, तुमचं हे लिहू का. आता ज्या बाईनं विचारलं तिच्या हातून ते ओढून घ्यायचं माझ्याच्यानं होईना.

"नका देऊ," मी म्हणालो.

इनेसबाई बरोबर चारला आल्या. उंच, पिकल्या केसांच्या, सुती साडीत असत्या तर आमच्या राइट टाउनच्या बँकेतल्या वाटल्या असत्या. त्या बसायच्या आत मालकांनी सगळं सांगून टाकलं. कोरी कार्डं, पुठ्ठे, फोन, तीनशे बारा. प्रणोती मॅडमनी एक शब्द न गाळता भाषांतर केलं, त्याबद्दल मी त्यांना मनातल्या मनात नमस्कार केला.

होकार दिलेल्या पाहुण्यांची चारपाच कार्डं इनेसबाईंनी मॅडमकडून वाचून घेतली. मग त्यांनी राधाबाईंना भेटायचं म्हटलं. राधाबाई आल्या, पदराला हात पुसत उभ्या राहिल्या. दोघी एकमेकींकडे बघत होत्या.

"आम्हीही विचारतो," इनेसबाई म्हणाल्या. "पानाच्या तळाशी, बारीक अक्षरात, एक चौकोन असतो. लोक न वाचता त्यावर बोट ठेवतात. दोन हजार हॉटेलांत कोणी फोन करून विचारलं नाही." त्यांनी पेन काढलं आणि 'पूर्ण संग्रह' हे शब्द खोडले. तिथे लिहिलं, ज्यांनी होकार दिला त्यांचीच. खाली आणखी एक ओळ घातली, की कार्डं लिहिणारा माणूस एक वर्ष कामावर राहील, उरलेल्यांना विचारायला. मग त्यांनी आणि मालकांनी सह्या केल्या.

वहिनी साडेपाचच्या बसनं रांझीला गेल्या. जाताना मला म्हणाल्या, "किल्ली मागितली म्हणून मालकावर रुसू नका. मीही मागितली असती."

दोन दिवसांनी दुपारी दोनला मी चादरींच्या खोलीत गेलो. राधाबाईंनी अभ्र्यातून एक कार्ड काढून माझ्या हातात दिलं. सतन्याचे रामकृष्ण बक्षी, केंद्र सरकारच्या कार्यालयातून निवृत्त. मी फोन लावला, कंपनीचं सांगितलं, तुमच्याबद्दल थोडं लिहिलेलं आहे म्हणालो.

"काय लिहिलंय? वाचा."

मी कचरलो, पण वाचलं. "नजर बरीच कमी झाली आहे, कोणाला कळू देत नाहीत. पाण्याचा तांब्या नेहमी डावीकडे. खोलीतली खुर्ची जागची हलवू नये. चहा देताना आपलं नाव सांगावं, म्हणजे ओळखल्यासारखं बोलता येतं."



"हे मी कोणाला सांगितलं नव्हतं," ते म्हणाले.

"राधाबाईंनी पाहिलं होतं."

"हो. त्या यायच्या तेव्हा नाव सांगायच्या." मग म्हणाले, "कंपनीला नका देऊ."

"नाही देत," मी म्हणालो आणि कार्ड दुसऱ्या अभ्र्याकडे नेलं.

"थांबा. माझी मुलगी भोपाळला असते, यशश्री. पत्ता सांगतो, तिला पाठवा ते. दोन वर्षं झाली, मला सांगणं जमून नाही राहिलं."

राधाबाईंनी चादर घडी करायची थांबवली होती. मी पत्ता लिहून घेतला, दोनदा वाचून दाखवला आणि कार्ड पाकिटात घातलं.